सीमेपर्यंत शून्य, पुढं पूर्ण

कोल्हापूरहून निपाणीकडं जाणाऱ्या गाडीत माझ्या पुढच्या सीटवर एक आजी बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत लेकीकडं न्यायच्या कांदालसणाच्या चटणीचा डबा. वास सगळ्या गाडीभर. कंडक्टरनं आधार कार्ड बघितलं, मशीनवर बोटं चालवली आणि दोन तिकिटं फाडून त्यांच्या हातात दिली. एकावर शून्य रुपये, दुसऱ्यावर पूर्ण भाडं.

"हे दुसरं कशाचं?"

"सीमेच्या फुडचं, आजी. महाराष्ट्रात फुकट हाय. कर्नाटक लागलं की पूर्ण पडतंय."

"गाडी हीच न्हवं?"

"हीच की."

"मग दूधगंगा वलांडली की माझं म्हातारपण जातंय व्हय रं?"

गाडीत हशा पिकला, कंडक्टरही हसला. त्याची काहीच चूक नव्हती. तो नियमाप्रमाणं तिकीट फाडत होता, आणि नियम दूधगंगेच्या पुलावर संपत होता.

महाराष्ट्रात ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट लागू झालं. कर्नाटकानं त्याच वर्षी ११ जूनपासून 'शक्ती' योजना आणली. तिथला पत्ता असलेल्या महिलांना राज्यातल्या साध्या गाड्यांतून मोफत प्रवास. तीनही योजना चांगल्या आहेत, तीनही लोकांनी उचलून धरल्या. फक्त त्या सीमेवर एकमेकींकडं पाठ करून उभ्या आहेत. त्या आजींची सवलत पुलाच्या अलीकडं संपते. निपाणीतल्या लेकीकडं कर्नाटकाचं आधार असलं, तर ती बेळगावला फुकट जाऊ शकते, पण माहेरी कागलला, म्हणजे बेळगावच्या निम्म्याहून कमी अंतरावर, यायचं म्हटलं की त्या कार्डाचा उपयोग नाही. आईला लेकीकडं जाताना आणि लेकीला आईकडं येताना, नेमक्या त्याच वाटेवर दोन्ही सरकारांचं औदार्य आटतं.

यावर सांगितला जाणारा ठरलेला उपाय म्हणजे तंत्रज्ञान. एक ॲप काढा, एक कार्ड द्या, प्रश्न मिटला. मला हे पटत नाही. 'एक देश, एक कार्ड' म्हणून ओळखलं जाणारं नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड मार्च २०१९ मध्येच आलं. यूपीआय तर निपाणीच्या भाजीवालीकडंही आहे. पण कार्ड आणि यूपीआय एवढंच ठरवतात की पैसे कुठल्या खिशातून जाणार. भाडं किती, सवलत कुणाला, कुठल्या गाडीत तिकीट चालणार आणि आलेल्या पैशात कुणाचा किती वाटा, यातलं काहीच कार्ड ठरवत नाही. ते ठरतं करारात. आणि आपल्याकडं ताण पडलेला आहे तो करारावर, मशीनवर नव्हे.

तो करार कसा होतो, हे एकदा नीट बघण्यासारखं आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ८८ सांगतं की एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात सहसा आपोआप चालत नाही. तिथल्या प्राधिकरणाची प्रतिस्वाक्षरी लागते. दोन राज्यांनी आपसात किती परवाने द्यायचे याचा करार करायचा, तर त्याचा मसुदा दोघांनीही आपापल्या राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत छापायचा, हरकतींसाठी किमान ३० दिवस ठेवायचे, हरकती ऐकायच्या आणि मग पुढं जायचं. यात मुळात गैर काही नाही. पण या करारांचा पाया असतो परतफेडीचा: तुमच्या इतक्या फेऱ्या आमच्या हद्दीत, आमच्या इतक्या तुमच्या. उद्या एखाद्या मार्गावर गर्दी वाढली आणि एका बाजूकडं गाड्या कमी असल्या, तर दुसऱ्यानं हातच्या गाड्या सोडायच्या की नाही, हे गर्दी ठरवत नाही, कागदावरचा तोल ठरवतो. थांब्यावरचा माणूस तो तोल सावरला जाण्याची वाट बघत उभा राहतो.

आता याच्या शेजारी खासगी ट्रॅव्हल्स ठेवून बघा. २०२१ मध्ये केंद्रानं पर्यटक वाहनांसाठी अखिल भारतीय परवान्याचे नियम आणले. ऑनलाइन अर्ज, एकदा शुल्क, आणि गाडी देशभर मोकळी. म्हणजे पुण्याहून बंगळूरला जाणारी एसी स्लीपर सीमा ओलांडताना अडत नाही. मालाचंही तेच. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके गेले, २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला. कोगनोळीच्या टोलनाक्यावर ट्रकचे पैसे कुठून कुठं जातात हे ड्रायव्हरला कळतही नाही. टोमॅटोची पेटी एका कागदावर सीमा पार करते आणि ती पिकवणाऱ्या बाईला दोन तिकिटं लागतात. ज्यांच्याकडं पैसे आहेत त्यांच्यासाठी आपण सीमा पुसत आणली. ती ठळक उरली आहे ती लाल गाडीतल्यांसाठी.

आणि ही सीमा काही अनादी काळापासून नाही. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. बेळगाव, निपाणी आधीपासूनच त्या राज्यात होती. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे–नगर मार्गावर धावली, तिचं सरकारही तेच. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि कोल्हापूर–निपाणी हा चाळीसेक किलोमीटरचा प्रवास रातोरात 'आंतरराज्य' झाला. बाजार, सोयरीक, दवाखाना, जत्रा सगळं होतं तिथंच राहिलं. सीमाप्रश्नावर माझी मतं कुठल्याही सीमाभागातल्या माणसासारखीच ठाम आहेत, पण ती इथं बाजूला ठेवतो. बस सुरळीत चालायला सीमा कुठं असावी यावर एकमत लागत नाही. ती आहे तिथं धरून चाललं तरी पुरतं.

सीमाप्रश्न बाजूला ठेवायचा म्हटलं तरी बस मात्र त्यातून सुटत नाही. २०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात वाद तापला तेव्हा गाड्यांवर काळं फासलं गेलं, दगड पडले, फेऱ्या बंद झाल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ भाषेवरून कर्नाटकाच्या एका कंडक्टरला मारहाण झाली. त्याचे पडसाद चित्रदुर्गपर्यंत गेले, तिथं एसटीच्या चालकाच्या तोंडाला काळं फासलं, आणि दोन्हीकडच्या गाड्या पुन्हा थांबल्या. दोन्ही वेळी खरा थांबला तो बेळगावच्या दवाखान्यात डायलिसिसला जाणारा चंदगडचा माणूस, ज्याला कोल्हापूरपेक्षा बेळगाव निम्म्यानं जवळ पडतं. थांबली ती कॉलेजची पोरं. कर्मचाऱ्यांच्या जिवाला धोका असेल तर गाडी थांबवावीच, त्यावर वाद नाही. पण ती पुन्हा कधी आणि कुणाच्या सांगण्यानं सुरू होणार, तोवर रुग्णांसाठी कमीत कमी किती फेऱ्या बंदोबस्तात सोडायच्या, हे आधी लिहून ठेवलेलं नसतं. दर वेळी दोन्ही बाजूंचे अधिकारी फोनाफोनी करतात. वीज गेल्यावर मेणबत्ती शोधायला लागावं, तसा प्रकार.

पोरांचा विषय निघालाच आहे तर पासबद्दल बोलू. एका महामंडळाचा विद्यार्थी पास दुसऱ्याच्या गाडीत चालत नाही. सीमेवरच्या एखाद्या फाट्यावर सकाळी सातला उभं राहिलात तर याचा अर्थ डोळ्यांना दिसतो. गाडी येते, निम्मी पोरं चढतात, निम्मी तशीच उभी राहतात. गाडीत जागा असते, गाडी त्याच गावाला जाणार असते, पण रंग त्यांच्या पासाचा नसतो. मग वीस मिनिटांनी दुसरी येते आणि उरलेली पोरं तिच्यात. पहिलीत जागा रिकाम्या, दुसरीत दाराला लटकलेली. डिझेल दोघांचंही जळतं. तोटा, तोटा म्हणून दोन्ही महामंडळं वर्षानुवर्षं जे सांगतात, त्यात या रिकाम्या जागांचा हिशेब कुणी धरत असेल असं मला वाटत नाही.

वेळापत्रकाचीही तीच गत. सीमेजवळच्या एका बसस्थानकावर मी चौकशीच्या खिडकीत विचारलं, की आपली गाडी गेली, आता त्यांची कधी आहे? उत्तर आलं, "त्यांचं त्यांना विचारा." ते शेजारच्या राज्यात, तेव्हा विचारायचं कुठं? शेवटी बाहेरच्या पानपट्टीवाल्याकडं गेलो. त्याच्या काउंटरला बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा टांगला होता आणि त्यावर निळ्या पेननं दोन्हीकडच्या गाड्यांच्या वेळा एकाच रांगेत, पहाटेपासून रात्रीपर्यंत लिहिलेल्या होत्या. काही वेळा खोडून शेजारी नव्या टाकल्या होत्या. 'एकात्मिक प्रवासी माहिती प्रणाली' असं ज्याला निविदेत म्हणतात, ती मी प्रत्यक्षात पाहिली ती एवढीच.

गोव्याच्या बाजूला भांडण नाही, तरीही सोयीची गाडी नाही, ही आणखी वेगळी गोष्ट. दोडामार्ग, सावंतवाडी, बांद्यातली शेकडो पोरं रोज गोव्यात कामाला जातात, आणि बहुतेक दुचाकीवरून. पावसाळ्यात रेनकोट घालून, पत्रादेवीच्या चढाला ट्रकांच्या मधून. सिंधुदुर्गातला रुग्ण जरा गंभीर झाला की गोव्यातल्या बांबोळीच्या दवाखान्यात हलवतात. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे आणि तो सावंतवाडीकरांच्या दारातच आहे. म्हणजे नोकरी, दवाखाना, विमान हे तिन्ही सीमेपलीकडं. पण एसटीची आखणी जिल्हा आणि विभाग धरून होते, गोव्याच्या कदंब महामंडळाची राज्य धरून. सकाळच्या पाळीला वेळेवर पोचवेल आणि रात्रीची पाळी सुटल्यावर परत आणेल अशी गाडी आखायची तर दोघांनी एकत्र बसावं लागेल, आणि एकत्र बसण्याचं काम कुणाच्याच कामाच्या यादीत नाही. कर्नाटकाच्या सीमेवर निदान भांडण तरी आहे, तिथं विषय निघतो. इथं कुणाला तक्रारच नाही, म्हणून हालचालही नाही.

तसं पाहिलं तर याच पट्ट्यात चार राज्यांनी एकत्र येऊन केलेलं काम रोज डोळ्यांसमोरून धावतं. कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं तेव्हा भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. कणकवलीत काढलेलं तिकीट मडगावातही तेच, कारवारातही तेच. पेडण्याच्या बोगद्यात कुणी दुसरं तिकीट फाडायला येत नाही. रेल्वे केंद्राची, तिचं सोपं आहे, असं कुणी म्हणेल. मग दिल्ली मेट्रो बघा. नोव्हेंबर २००९ मध्ये ती उत्तर प्रदेशातल्या नोएडात गेली, २०१० मध्ये हरियाणातल्या गुरुग्रामात. तीन सरकारं, बऱ्याचदा वेगवेगळ्या पक्षांची, आणि प्रवाशाच्या हातात एकच कार्ड. सीमा फलाटावर कुठं येते हे रोज जाणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

परदेशाचं उदाहरण द्यायचा मोह मी सहसा टाळतो, पण एक इतकं आपल्यासारखं आहे की सोडवत नाही. लक्झेंबर्गनं २९ फेब्रुवारी २०२० पासून देशातली सार्वजनिक वाहतूक मोफत केली. तिथं कामाला येणाऱ्यांत फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून रोज ये-जा करणारे लाखांच्या घरात आहेत. त्यांची मोफत सवलत सीमेवर संपते, त्यांच्या देशातलं भाडं द्यावंच लागतं. म्हणजे आपल्या आजी तिथंही आहेत. फरक पुढं आहे. मे २०२३ मध्ये जर्मनीनं देशभर चालणारं ४९ युरोंचं महिन्याचं तिकीट काढलं, आणि सीमेजवळच्या ट्रियर शहरातल्या माणसासाठी गणित आपोआप जुळलं: सीमेपर्यंत जर्मन तिकीट, पुढं मोफत. दोन योजना तिथं एकमेकींना टेकल्या. आपल्याकडच्या दोन योजनांच्या मध्ये एक अट शिरली आहे, की प्रवासी 'बाहेर' चालला की तो आपला नाही.

मग करायचं काय? माझं म्हणणं मोठं नाही. सगळं राज्य जोडायला जाऊ नका, ते कधीच होणार नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास किलोमीटरचा पट्टा ठरवा. या पट्ट्यात ज्या सरकारनं आपल्या माणसाला जी सवलत दिली आहे, ती दोन्ही महामंडळांच्या साध्या गाड्यांत चालावी आणि तिचा खर्च त्याच सरकारनं सोसावा. कागलच्या आजींचे पैसे महाराष्ट्र भरेल, निपाणीच्या लेकीचे कर्नाटक. इथं नेहमीची हरकत येते: आमच्या करदात्यांच्या पैशांनी त्यांच्या बायका का फिरवायच्या? तशा फिरवायच्याच नाहीत. ज्याची सवलत, त्याचा खर्च, एवढंच.

हिशेब अवघड आहे, असंही ऐकायला मिळतं. हे मात्र मला हसू आणतं. शक्ती योजनेत प्रत्येक महिलेला शून्याचं तिकीट फाडून देतात ते कशासाठी? त्याच तिकिटांच्या मोजणीवर सरकार महामंडळाला भरपाई देतं. आपल्याकडंही सवलतीच्या रकमेची भरपाई तशीच तिकिटांवरून होते. म्हणजे कुणी किती किलोमीटर फुकट गेलं, हे दोन्हीकडच्या मशीनमध्ये आधीच नोंदलेलं आहे. महिन्याच्या शेवटी दोन आगारांचे हिशेबनीस बसून ती यादी एकमेकांना दाखवतील, फरकाची रक्कम इकडून तिकडं जाईल. बँका एकमेकींच्या एटीएमचा हिशेब वीस वर्षांहून जास्त काळ करताहेत. एसटीच्या हिशेबनिसाला ते जमणार नाही असं म्हणणं हा त्या माणसाचा अपमान आहे.

भाड्याचा गुंता यापेक्षा खरा आहे, तो मान्य करायला हवा. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकानं ५ तारखेपासून १५ टक्के भाडेवाढ केली, महाराष्ट्रानं २५ तारखेपासून १४.९५ टक्के. वीस दिवसांच्या अंतरानं, जवळजवळ तेवढीच वाढ, पण कुणी कुणाला विचारलं नाही. त्या पट्ट्यापुरता दोघांचा मिळून एकच भाडेतक्ता हवा आणि तो वर्षातून एकाच तारखेला बदलावा. यात कुणाचा तरी थोडा तोटा होईल. किती, ते एका मार्गावर सहा महिने चालवून बघितल्याशिवाय कुणालाच कळणार नाही. म्हणून सुरुवात कोल्हापूर–निपाणीनं करावी आणि दुसरा मार्ग सावंतवाडी–म्हापसा घ्यावा. एक भांडणाचा, एक बिनभांडणाचा.

पाटीचंही बघा. कन्नड न वाचता येणारा इकडचा माणूस आणि देवनागरी न वाचता येणारा तिकडचा, दोघंही येणाऱ्या गाडीकडं बघून शेजाऱ्याला विचारतात, ही कुठली? पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावर आपण आणखी पन्नास वर्षं भांडू शकतो. तोवर दोन्हीकडच्या गाड्यांना मार्गाप्रमाणं एकच क्रमांक द्या. निपाणीची गाडी कुणाचीही असो, क्रमांक तोच. (आकडे इंग्रजीच ठेवा. कन्नड की देवनागरी, असा नवा वाद नको.) क्रमांक झाला की वेळापत्रक एका पाटीवर येऊ शकतं आणि ते सगळ्यांना खुल्या रूपात दिलं की मोबाइलवरच्या नकाशातही दिसतं. पण आधी पाटी, मग ॲप. ज्या आजींबद्दल आपण बोलतोय त्या पाटीही दुसऱ्याकडून वाचून घेतात.

ज्या पानपट्टीवाल्याचा पुठ्ठा मी पाहिला, त्याला विचारलं होतं, हे कशासाठी लिहून ठेवलंत? तो म्हणाला, "दर पाच मिनिटाला एक जण इचारतोय. तोंड दुखाय लागलं." गाडीच्या वेळा कुणी बदलल्या की त्याला कोण सांगतं, असं पुढं विचारलं. "कोण सांगणार? गाडी आली नाही की मी खोडतो."